माशांसाठी शिळं पाणी

रविवार, ११ ऑगस्ट. सकाळी सव्वासात. हजर: समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी, मी, आणि दीड फुटी काचेच्या टाकीतले दोन गोल्डफिश. एक पूर्ण केशरी, दुसरा पांढरा, डोक्यावर केशरी टोपी घातल्यासारखा. गैरहजर: माशांची मालकीण, म्हणजे मावशींची लेक. वाशीच्या हॉस्पिटलात, तिसरा आठवडा.

वहीत अशीच नोंद आहे. सोसायटीच्या मीटिंगांची नोंद ठेवता ठेवता मला ही सवय लागली, आता घरातल्या गोष्टींचीही तशीच नोंद होते. नवरा म्हणतो, वहीत त्याचंही नाव असणार, फक्त पुढे टिक नसणार.

लेकीला सातवा महिना होता. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी भरती करून घेतलं होतं आणि ताण नको, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. जावयाची ड्यूटी तळोज्याला, शिफ्टमध्ये. म्हणून मासे खांदेश्वरला आईकडे आले. मावशींनी आयुष्यात कधी मासे पाळलेले नव्हते. लेक रोज सकाळी अकराला व्हिडिओ कॉल करायची आणि आधी मासे दाखव म्हणायची. ते पोहताना दिसले की मग आईशी बोलायची. मावशी मला म्हणाल्या होत्या, "मी शकुन-बिकुन काही मानत नाही ताई. पण ती तिथं पडल्या पडल्या काय काय मानत असेल, मला काय ठाऊक."

माझ्याकडे अकरा वर्षांपासून मोठी टाकी आहे. त्याआधी सात मासे माझ्या हातून मेले, त्यातून मी शिकले. म्हणून टाकी आली त्या दिवशी मी मावशींना यादी करून दिली. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टर बंद करायचा नाही. टाकी उन्हात ठेवायची नाही. पाणी बदलणे, रविवारी. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, पण यादी वाचायची म्हणजे कशी, ते त्यांच्याकडून शिकावं. कागद त्यांनी टाकीशेजारी भिंतीला चिकटवला आणि रोज बोट ठेवून वाचला.

त्या रविवारी त्यांनी बेल न वाजवता दारावर थाप मारली. म्हणाल्या, "मासे वर येऊन आ करतायत."

मी गेले. दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून होते. पांढऱ्याचे पंख अंगाला चिकटलेले, कल्ले लालभडक. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. इतकं स्वच्छ पाणी मला चालत्या टाकीत कधी दिसलेलं नाही. तळातले खडे चमकत होते. मी वाकले आणि वास आला. ब्लीचिंगचा.

हा वास मी तासाभरापूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात घेतला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या साफ झाल्या होत्या. सेक्रेटरी म्हणून नोटीस मीच लावली होती: रविवारी पाणी उकळून प्यावे. वहीत टिकही केली होती. वास आला तेव्हा मी मनात म्हटलं, काम नीट झालंय. समोरच्या घरात दोन मासे आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"आज पाणी किती बदललं?"

"सगळं. नळ आला तेव्हा. रोज बदलते की."

रोज. मी भिंतीवरचा कागद बघितला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पाणी बदलणे, रविवारी. किती बदलायचं ते लिहिलेलं नव्हतं. मला चौथा भाग अभिप्रेत होता, तोही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेल्या पाण्याने. मला ते इतकं पाठ आहे की लिहायचं सुचलंच नाही. रविवारचं मावशींनी पाळलं होतं. बाकीचे सहा दिवस त्यांनी स्वतःच्या मनाने जोडले होते, आणि ते का, हे मला नंतर कळलं.

आधी मासे वाचवायचे होते. मी घरी गेले, माझ्या टाकीतलं पाणी बादलीत काढलं. अर्धी बादली भरायला प्लास्टिकचा मग किती वेळा बुडवावा लागतो, हे त्या दिवशी कळलं, कारण प्रत्येक मगागणिक मला पांढऱ्याचे कल्ले दिसत होते. हवेचा छोटा पंप काढला, नळी काढली, क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली घेतली. बादली मावशींच्या हॉलमध्ये आणून ठेवली तेव्हा त्यांनी पाण्याकडे बघितलं. माझ्या टाकीतलं पाणी जुनं, किंचित पिवळसर, त्यात शेवाळाचे दोन धागे.

"ह्या शिळ्या पाण्यात टाकायचं त्यांना?"

"ह्याच पाण्यात, मावशी."

पातेल्याने एकेक मासा उचलून आम्ही बादलीत सोडला. पंप लावला. बुडबुडे सुरू झाले. केशरी तळाला जाऊन बसला, मग हळूहळू फिरायला लागला. पांढरा कलून राहिला.

मग वाट बघायची. मी बादलीजवळ पाटावर बसून मावशींना सांगितलं की टाकीच्या पाण्यात न दिसणारे जीव वाढतात, माशांची घाण तेच पचवतात, आणि सगळं पाणी ओतून दिलं की तेही जातात. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडायला एक दिवस लागतो. मावशी ऐकत होत्या, पण नजर बादलीत. मग बोलल्या, ते माशांबद्दल नव्हतंच.

त्यांच्या मराठवाड्यातल्या गावी, त्या लहान असताना, विहिरीवर त्यांच्या वस्तीला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. ते पाणी चार-चार दिवस पुरवायचं. चौथ्या दिवशीच्या पाण्याला वास यायचा, तेच प्यायचं. लग्न होऊन इकडे आल्या, नळ बघितला, तेव्हापासून एक नेम केला. सकाळी सहाला पाणी आलं की कालचा हंडा झाडांना घालायचा आणि ताजा भरायचा. तीस वर्षांत चुकलेला नाही.

"माझ्या घरात कुणाला शिळं पाणी दिलं नाही ताई. माशांना कसं देऊ?"

मी पंपाची नळी उगाच सारखी केली.

अकरा वाजता फोन वाजला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, काय सुचवायचं ते न कळता. त्यांनी फोन उचलला आणि कॅमेरा थेट बादलीवर धरला, केशरी माशावर. लेकीचा आवाज आला, बादलीत का? टाकी धुतोय, मावशी म्हणाल्या. टोपीवाला कुठाय? मावशी म्हणाल्या, "नळीमागं हाय बघ, लाजतोय तुला." लेक हसली. मग म्हणाली, आज वरचं बीपी कमी आलंय. मी फोनखाली माझा हात धरला.

दुपारी चारपर्यंत केशरी खाणं शोधायला लागला होता. पांढरा पावणेचारला गेला. मी वहीत वेळ लिहिली. मावशींनी त्याला जुन्या रुमालात गुंडाळलं आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. कुंडीवर त्या दिवशीच्या हंड्यातलं पाणी घातलं. मी थांबवणार होते, त्यात ब्लीचिंग आहे म्हणून. मग थांबवलं नाही.

"दुकानात तसाच मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मिळाला असता. कोपरखैरणेच्या दुकानात मी महिन्याभरापूर्वीच टोपीवाले बघितले होते, आणि माझं मन तोवर स्टेशनपर्यंत पोचलंही होतं. पण ती टाकी आता नुसतं काचेचं भांडं होती. त्यात माझ्या टाकीतलं पाणी आणि त्या न दिसणाऱ्या जीवांनी भरलेला माझ्या फिल्टरचा स्पंज घातला तरी ती स्थिरावायला महिना तरी हवा. त्याआधी नवा मासा आणला तर तोही जाईल, कदाचित केशरीला घेऊन. हे मी मावशींना स्वच्छ सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे सांगावंच लागेल.

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "यादी माझी होती. नोटीसही माझीच. मी सांगते."

संध्याकाळी मी यादी नव्याने लिहिली. पाणी चौथा भाग, आठवड्यातून एकदा, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. सोसायटीच्या टाक्या साफ होतील त्या आठवड्यात अजिबात नाही. मावशींनी बोट ठेवून वाचली आणि जुना कागद घडी घालून स्वतःच्या डब्यात ठेवला, मला परत दिला नाही. आता त्यांच्या स्वयंपाकघरात दोन बादल्या झाकून ठेवलेल्या असतात. त्यांतलं पाणी त्या कुणालाही पिऊ देत नाहीत.

आज शनिवार, सहा दिवस झाले. केशरी परत टाकीत आहे, ठीक आहे, खातोय, कल्ले गुलाबी. डॉक्टरांच्या मते आणखी दोन आठवडे गेले तर बाळाला बरं. सोमवारी मी अकराच्या कॉलला मावशींकडे गेले, सांगायचं ठरवून. लेक म्हणाली, सकाळी बीपी वाढलं होतं, दुसरी गोळी सुरू केलीय. मी हवापाण्याचं बोलून आले. बुधवारी मीच गेले नाही, मीटिंग होती. खरं तर मीटिंग साडेबाराला होती. मावशी म्हणतात, मंगळवारपासून ती टोपीवाल्याचं नाव काढत नाही. मासे दाखव, एवढंच म्हणते, केशरीकडे बघते आणि मग विचारते, आई, तू जेवलीस का. तिला कळलंय, की नुसतीच दमलीय, मावशींना समजत नाही. मलाही नाही.

वहीचं या आठवड्याचं पान समोर आहे. माझ्या फिल्टरचा स्पंज मावशींच्या टाकीत घालणे, टिक. मावशींना दोन बादल्या देणे, टिक. टाकीसफाईच्या नोटिशीत मासे असणाऱ्या घरांसाठी एक ओळ वाढवणे, टिक. चौथी ओळ, लेकीला सांगणे, मी.

त्या ओळीपुढे अजून काही नाही.