मीठ आधी मी उचललं

माझ्या मुलाला हे माहीत नाही. सुनेला नाही. नवरा होता तोवर त्यालाही सांगितलं नाही, आणि गावदेवीसमोर तर मी उलटंच सांगितलं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणून तुम्हाला सांगते. मी चौथी शिकलेली बाई. जमेल तसं लिहिते आहे.

आमचं गाव तळवलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, पण गावाच्या टोकाला एक जुनी दगडी कोठी अजून आहे. इंग्रजांच्या काळात आमच्या मिठागरांचं मीठ तिथे ठेवायचे. मिठागरं गेली, कोठी राहिली. पुढे तिचं संग्रहालय झालं. तीन खोल्या. मीठ ओढायच्या लाकडी फळ्या, टोपल्या, लोखंडी वजनं, एक जुनी होडी. पावसाळ्यात छत गळायचं आणि जमिनीवर ठेवलेली होडी आतून भरायची.

मग ठरलं, कोठीला मागून नवीन इमारत जोडायची. मोठी, काचेची. नकाशा काढायला एक आर्किटेक्ट बाई आली. चिखलात उतरली, नाकाला रुमाल लावला नाही, म्हणून मला आवडली. अर्धा पैसा एक कंपनी देणार होती, अर्धा सरकार. कंपनी म्हणायची, सरकारने दिला तर आम्ही देऊ. सरकार म्हणायचं, जागा मोकळी दाखवा, सगळ्या मालकांच्या सह्या आणा, तेही मार्च संपायच्या आत. नाहीतर फाईल परत. मी महिला मंडळाची अध्यक्ष, म्हणून संग्रहालयाच्या कमिटीत होते.

सभेत मी काय काय बोलायचे! गावातल्या पोरांना नोकऱ्या, आपल्या आईबापाच्या घामाची आठवण — लोक टाळ्या वाजवायचे. खरं सांगू? मला एक भिंत हवी होती. मी विशीची असताना कुणीतरी मिठागरात माझा फोटो काढला होता. डोक्यावर टोपली, साडी गुडघ्यापर्यंत. आर्किटेक्ट बाईला तो सापडला. म्हणाली, "आजी, आत शिरल्यावर समोरची अख्खी भिंत तुमची." दोन मजले उंच. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आयुष्यभर कुणी मान वर करून बघितलं नव्हतं माझ्याकडे. हे कारण झालं का? नाही झालं.

कोठीमागची जागा माझ्या सासऱ्याची. दोन वाटे — एक आमचा, एक धाकट्या दिराचा. दीर मेलेला. त्याची बायको हिरा, माझी जाऊ. आमच्या वाट्याची सही मी नवऱ्याकडून पहिल्याच सभेत करून घेतली. हिराच्या वाट्यावर तिच्या वलांड्या होत्या — बांबूचे मांडव, त्यांवर ती बोंबील सुकवायची आणि कोपरखैरण्याच्या बाजारात नेऊन विकायची. कमिटीने तिला नव्या इमारतीत स्टॉल देऊ केला. ती हसली.

"काचेत बोंबील सुकतान का गो?" म्हणाली. "आन् फोटू तुजा लावनार, जागा माजी घेनार? बरी हायस!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आतून पेटले होते.

मार्च आला. अधिकारी सकाळी दहाला पाहणी करून जागेचे फोटो काढणार होते. वलांड्या उभ्या दिसल्या तर जागा वापरात आहे असा शेरा पडणार, आणि फाईल परत. हिरा सकाळी बाजारात असते हे मला माहीत होतं. सातलाच मी एकटी गेले आणि वलांड्या पाडायला लागले. दोऱ्या विळ्याने कापल्या, बांबू उपटले, बोंबील मातीत पडले. ते मी पायाने बाजूला लोटले. सुकी मासळी पायाने लोटणारी बाई तुम्ही बघितली आहे का? आमच्यात जेवणाला पाय लावत नाहीत.

हिरा त्या दिवशी बाजारात गेलीच नव्हती. ती धावत आली आणि माझे केस धरले. मी तिच्या पोटात गुडघा घातला. तिने माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त कोपरापर्यंत आलं. खूण अजून आहे, कुत्रा चावला म्हणून सांगते. हाताशी बांबू होता. मी मारलं. ती पडली. तिचा डावा डोळा गेला.

बघायला कुणी नव्हतं. मी मनगट पदरात गुंडाळलं, ओरडून माणसं जमवली आणि म्हणाले, ही रागाने अंगावर आली, पाय घसरला, तुटक्या खुंटावर तोंडघशी पडली. लोकांनी तिला रिक्षात घालून वाशीच्या इस्पितळात नेलं. रक्त इतकं होतं की रिक्षावाल्याने सीटवर प्लॅस्टिक घालायला लावलं. आणि मी? मी घरी गेले, आंघोळ केली, दुसरी साडी नेसले. दहाला अधिकारी आले. मोकळ्या जागेचे फोटो काढले.

आता आमच्या गावाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भांडण मिटेना, तर देवीसमोर मूठभर मीठ उचलून बोलायचं आणि ते मीठ पाण्यात सोडायचं. खोटं बोलेल तो त्या मिठासारखा विरघळेल म्हणतात. पण एका गोष्टीवर मीठ एकदाच उचलतात. ज्याने आधी उचललं त्याचं खरं. दुसऱ्याला मूठ उघडायलाही देत नाहीत, देवीचा अपमान होतो म्हणून.

त्याच संध्याकाळी मी मीठ उचललं. हिरा भुलीत होती, शुद्धीवर यायची होती. ती आली की बोलणार आणि मीठ मागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी घाई केली. मूठ वर केली आणि म्हणाले, "मी हिराला हात लावला नाय." सगळं गाव ऐकत होतं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

चार दिवसांनी ती आली, डोळ्यावर पट्टी. देवळात गेली, मीठ मागितलं. कुणी दिलं नाही. "उचललंय तिनं," म्हणाले. "आता गप ऱ्हा." म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडावर खोटारडी म्हणाल्या.

तिचा मुलगा कळंबोलीला ट्रक चालवायचा. आईचं तोंड बघून तो भर दुपारी कोयता घेऊन माझ्या दारात आला. "काकी, भायेर ये! देवीला फसवलंस, मना नाय फसवनार!" गावची माणसं धावली. देवीसमोर मीठ उचललेल्या म्हातारीवर कोयता — मग काय बोलायचं! बांबूंनी, बॅटींनी, लाथांनी मारलं त्याला. कोयता कधीच हातातून पडला होता, तरी मारत होते. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो "आये, आये" करत होता. मी ओटीवर उभी होते. मी "बस" म्हटलं असतं तर थांबले असते, माझ्यासाठीच तर मारत होते. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून सगळं ऐकू येत होतं.

केस त्याच्यावरच झाली, हत्यार त्याचं होतं. मग कमिटीतले दोघे हिराकडे गेले. सही कर, आम्ही केस मिटवायला लावतो. ही युक्ती कुणाची? माझी. तिने कोठीत येऊन सही केली. कागदावर कुठे करायची ते तिला नीट दिसेना. मीच बोट ठेवून जागा दाखवली.

पैसे आले. इमारत झाली. भिंतही झाली. शाळेची मुलं येतात, मान वर करून बघतात. तिच्या मुलाच्या पायात सळई आहे, ट्रक सुटला, आता कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर बसतो. हिरा रस्त्याकडेला फाटक्या ताडपत्रीवर बोंबील सुकवते. समोरून गेले तर चांगला डोळा माझ्यावर रोखून बघते, बोलत नाही. बोलून काय उपयोग? मीठ उचललंय ना मी.

आणि मी विरघळलेही नाही. मला साधी शुगर नाही. दोन वेळा जेवते, झोप लागते. मला झोप येत नाही असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण येते.

वर एक गोष्ट मी घाईने लिहिली. "मी मारलं, ती पडली, डोळा गेला." वाचताना तुम्हाला एकच फटका वाटला असेल — झटापटीतला, चावल्याच्या रागातला. मलाही तसंच वाटावं म्हणून मी मनात कित्येक वर्षं तसंच म्हणत आले.

फटके दोन होते. पहिला खांद्यावर बसला आणि त्यानेच ती पडली. उताणी. भांडण तिथे संपलं होतं. तिने हात वर केला, म्हणाली, "बाय, नको." मी थांबले. चांगली थांबले, दोन श्वास घेतले, ही उठली तर दहापर्यंत वलांड्या परत बांधेल, एवढा विचार केला. मग बांबू हातात फिरवला, कापलेलं टोक खाली केलं, आणि नेम धरून मारलं.