दोन दाते उजवीकडे

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथं माझं काम दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायचं आहे. बाहेरून आलेला सुटा भाग मापायचा आणि मापात नसला की त्याला लाल टॅग लावायचा. माल पुरवणारे मला पाठीमागे लाल टॅगवाली म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, उलट थोडं बरंच वाटतं. आमच्या कामात एक पळवाटही असते. माल मापात नाही, पण गिऱ्हाईक म्हणालं की असाच चालेल, तर एक फॉर्म भरायचा, त्यावर कारण आणि मुदत लिहायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि माल पास करायचा. त्याला डेव्हिएशन म्हणतात. मुदत संपली की माल पुन्हा मापात यायला हवा. इतक्या वर्षांत मी असे फॉर्म अगदी मोजके भरलेत, आणि त्यातला एक माझ्या वडिलांच्या नावाचा आहे.

अण्णांनी तीस वर्षं चाकणच्या बाजारातून कांदा मुंबईला पोचवला, तोही एकाच ट्रकनं. आई त्या ट्रकला सवत म्हणायची, पण दसऱ्याला तिच्यासाठी झेंडूचा हार स्वतःच ओवायची. अण्णांचं नाव होतं ते गाडी पळवण्यात नव्हे, रिव्हर्स घेण्यात. बाजारात दोन ट्रकांच्या मधल्या फटीत ते एका दमात गाडी मागे घालायचे. दार उघडं, अर्धं अंग बाहेर, मान मागे आणि डावा हात स्टिअरिंगवर. मागून कुणी ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडलेलं त्यांना खपायचं नाही. हमाल बिडी विझवून बघत उभे राहायचे, आणि मी केबिनमध्ये बसून जणू गाडी मीच लावतेय अशा ऐटीत त्यांच्याकडे बघायची.

तो ट्रक आठ वर्षं आमच्या घरापुढच्या जागेत गंजत उभा होता. कागदपत्रांची मुदत संपली होती, एका बाजूचा दरवाजा गळून पडला होता आणि बॉनेटखाली साळुंक्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या होत्या. मग गेल्या वर्षी पुढची जागा शेडसाठी भाड्यानं द्यायचं ठरलं. दसऱ्यानंतर पाया खणायला माणसं येणार होती. भंगारवाला येऊन गाडीभोवती फेरी मारून गेला आणि म्हणाला, गॅस कटरनं एका दिवसात मोकळं करून देतो.

अण्णांनी तेव्हा ओट्यावरून एकदाच सांगितलं. “ती मागं वखारीत जाईल, आन् मीच नेईन. पट्टा लावून ओढायची असंल तर हितंच कापा.”

वखार म्हणजे घरामागची कांदा साठवायची लांबट शेड, आता रिकामी. ट्रकपासून तिथपर्यंत जेमतेम साठ फूट. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला उकिरडा आणि मधून जाणारा, ट्रकपेक्षा हातभरच रुंद असा बोळ. वळायला जागा नाही, त्यामुळे जायचं तर रिव्हर्समध्येच. थोडक्यात, रस्त्यावर धावण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न साठ फुटांचा होता. तेवढं जमलं तर गाडी घरात राहणार, नाहीतर तिचे तुकडे होणार. बहात्तर वर्षांचा माणूस ते तुकडे होताना ओट्यावर बसून बघणार, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

मी भोसरीतल्या एका मिस्त्रींना गाठलं. मूळचे लातूरकडचे, कमी बोलणारे, इंजिनाला कान लावून ऐकणारे. पुढचे चार महिने आमचे सगळे रविवार कुदळवाडीच्या भंगाराच्या दुकानांत गेले. आकुर्डीच्या घरी नवरा म्हणायचा की लोक बायकोला मॉलमध्ये शोधतात, मला भंगारात शोधावी लागते. मी पर्समधून मापं घ्यायचं व्हर्निअर घेऊन जायची. जिथं सगळं किलोवर विकतात तिथं मी शतांश मिलिमीटरची हुज्जत घालायची, आणि दुकानदार चहा पाजून मला गप्प करायचे.

हळूहळू गाडी जमत गेली. गिअरबॉक्स एका शाळेच्या बसचा, रेडिएटर कुठल्याशा डंपरचा. सीट आली एका कंपनीच्या बसमधून. तिच्यावर शिफ्टला जाणाऱ्या कुणीतरी पेनानं ‘झोपू द्या’ असं लिहिलेलं होतं, ते आम्ही पुसलं नाही. ड्रायव्हरकडचा दरवाजा मिळाला तो पाण्याच्या टँकरचा, त्यावर ‘पिण्याचे पा’ एवढीच अक्षरं उरली होती. आई म्हणाली, सवतीला निदान नेसायला तरी एका रंगाचं आणायचं होतं. मीही लाल टॅग काढून ठेवला होता. चाललं तर घ्यायचं, एवढाच नियम.

एका बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. जुना स्टिअरिंग बॉक्स पार अडकला होता. मिस्त्रींनी दुसरा शोधून बसवला आणि त्याच्या दांड्यावर अण्णांचंच जुनं चाक चढवलं, लाल लोकरीचा गोंडा बांधलेलं. तिथं मी स्वतः पट्टी आणि लेव्हल घेऊन बसले. पुढची चाकं नाकासमोर सरळ, तर गोंडा बरोबर वर, मधोमध. केसभरसुद्धा इकडेतिकडे नको. मिस्त्री वैतागले, पण मला फार समाधान वाटलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी इंजिन पहिल्या झटक्याला नाही, पण पाचव्याला सुरू झालं. काळ्या धुरानं आईची वाळत घातलेली गोधडी गेली आणि तिनं चक्क काही म्हटलं नाही. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून चढले. ‘पिण्याचे पा’ उघडलं, अर्धं अंग बाहेर काढलं, मान मागे वळवली. गाडी दहा फूट नीट आली, मग तिरकी होत गेली. त्यांनी सावरली, पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. पुन्हा तिरकी. तिसऱ्या खेपेला मागचं चाक थेट उकिरड्यात गेलं आणि तिथंच रुतलं.

आई आधी हसली. मग तिला अण्णांचा चेहरा दिसला आणि तिनं तोंडाला पदर लावला. अण्णा उतरले. एक चप्पल उकिरड्यातच राहिली, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. किल्ली सदऱ्याला पुसून माझ्या हातात ठेवली.

“हात गेला, पोरी. कापणाऱ्याला सांग.”

ओट्यावर जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू आलं आणि ते लपवायला मी मिस्त्रींवर, उकिरड्यावर, दिसेल त्याच्यावर ओरडून घेतलं. मिस्त्रींनी शांतपणे जॅक लावून, फळ्या टाकून ट्रक बाहेर काढला आणि जागेवर आणून उभा केला. ते गेल्यावर मी एकटीच केबिनमध्ये चढले, लहानपणी बसायची त्या जागेवर, आणि स्टिअरिंगकडे बघत राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जेवण मांडलेल्या ताटात मीठच वाढलेलं नसावं तसं.

मग गोंडा दिसला. मी लहान असताना तो कधीच मधोमध नसायचा. सरळ रस्त्यावरही तो खिडकीच्या बाजूला कललेला असायचा, आणि सगळ्याच ट्रकांचं तसं असतं अशी माझी समजूत होती.

मी स्वयंपाकघरातून भाकरीची परात आणली, अण्णांच्या हातात दिली आणि डोळे मिटून सरळ गाडी चालवा म्हटलं. ते म्हणाले, आता थट्टाही करून घ्या. पण हातांना सवय असते. त्यांनी परात धरली, तर डावा हात वर आणि उजवा खाली. मी हात सरळ करून दिले, तर मिनिटभरात पुन्हा तिथंच. तीनदा केलं, तीनदा तेच माप आलं. आमच्या मशीनवरसुद्धा इतकं नेमकं येत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. फार पूर्वी मंचरला एका घाईच्या मिस्त्रीनं स्टिअरिंगचं चाक काढून पुन्हा बसवताना ते दांड्याच्या खाचांवर दोन दाते उजवीकडे चढवलं होतं. दोन दिवस अण्णा चिडले. मग कांद्याचा हंगाम आला, परत जायला सवड झाली नाही, हात वळत गेला. पुढेपुढे तर त्यांना इतरांच्याच गाड्या वाकड्या वाटायला लागल्या. हे सांगताना ते परात घट्ट धरून बसले होते. मी काय करणार आहे ते मात्र मी त्यांना बोलले नाही.

म्हणजे हात गेला नव्हताच. त्या हाताखालचं चाक मी सरळ केलं होतं. बाजारात कुणी केली नसती अशी चूक, फक्त माझ्यासारखीच बाई करणार. तिथं बसून मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मिस्त्रींना सगळं सांगितलं, तर ते आधी तयारच होईनात. चांगलं बसलेलं वाकडं कर म्हणता, उद्या कुणी विचारलं तर नाव माझं जाईल. मी म्हटलं, सही माझी. अण्णा दुपारी झोपले असताना मधला नट सोडवून चाक उचललं, दोन दाते उजवीकडे फिरवून परत बसवलं आणि नट आवळला. वीस मिनिटांचं काम.

खंडेनवमीच्या सकाळी आई म्हणाली, कापायची तर कापा, पण पूजा झाल्याशिवाय नाही. अण्णा नाइलाजानं हळद-कुंकू घेऊन चढले. चाकाला बोट लावताना त्यांना गोंडा दिसला, खिडकीकडे कललेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि मी त्यात किल्ली ठेवली.

दार उघडं, अर्धं अंग बाहेर. आई, मी आणि मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे होतो आणि तिघांपैकी कुणीही ‘येऊ द्या’ म्हटलं नाही. ट्रक उकिरडा आणि भिंत यांच्या मधून, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून एका दमात मागे गेला आणि वखारीत जाऊन थांबला. आईनं झेंडूचा हार चढवला आणि मग ‘झोपू द्या’ लिहिलेल्या सीटवर जाऊन बसली, ती उतरेचना.

अण्णा चाकावरचा हात न काढता म्हणाले, “हे तुझ्या कंपनीत पास झालं असतं का?”

“न्हाई. लाल टॅग लागला असता.”

मग मी पर्समधून कोरा फॉर्म काढला. मालाची खोट: स्टिअरिंग दोन दाते उजवीकडे. कारण: गिऱ्हाइकाच्या हाताला असंच बसतं. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि खाली सही केली. तो फॉर्म अजून वखारीत, ट्रकच्या काचेला आतून चिकटवलेला आहे. त्यावरचा मुदतीचा रकाना मी कोराच ठेवला आहे.