आठ दिवसांची मुदत

विश्रांतवाडीतल्या एका शाळेत गणित शिकवत असताना, शाळेला मिळालेल्या संगणकावर मी स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकलो. मराठी शब्द शब्दकोशाच्या क्रमाने लावणारा एक मुक्त प्रोग्रॅम तेव्हा इंटरनेटवर होता. मुक्त म्हणजे कुणीही वाचावा, सुधारावा. मात्र त्याच्या वापराच्या अटी बदलायच्या, तर तो लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. तो सुरू करणारे गृहस्थ सदाशिव पेठेतले निवृत्त ग्रंथपाल. आमची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. माझी पहिली दुरुस्ती त्यांनी सात वेळा परत पाठवली. एकदा लिहिले, "गुरुजी, उत्तर बरोबर आहे. वर्गात रीत न दाखवताच गुण देता का?"

काही वर्षांनी मी नोकरी सोडून कंपनी काढली. तो प्रोग्रॅम आमच्या विक्रीच्या उत्पादनात बंदिस्त करायचा होता आणि त्यासाठी अटी बदलणे भाग होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आम्हा पाच जणांच्या गटाचा रिवाज असा, की प्रस्ताव सर्वांना ईमेलने पाठवायचा; आठ दिवसांत हरकत आली नाही, तर तो मंजूर. रिवाज किरकोळ दुरुस्त्यांसाठी होता. मी तो अटींसाठी वापरला. इतर तिघांनी होकार कळवला. ग्रंथपालांचे काहीच आले नाही. एका ओळीच्या बदलावर दोन पाने लिहिणारा माणूस गप्प कसा, हे मला खटकायला हवे होते. नवव्या दिवशी सकाळी मी अटी बदलल्या.

पुढे एका मोठ्या ग्राहकाच्या वकिलांनी सर्वांच्या सह्या मागितल्या, तेव्हा मी ग्रंथपालांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडले. मी ओळख सांगितली.

"आपण ते गुरुजी का? ते जाऊन दोन वर्षं झाली."

त्यांनी तारीख सांगितली. मी मनात दिवस मोजले. माझ्या मुदतीचा तो सहावा दिवस होता.

तरीही मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो संपूर्ण वाचला आणि 'यास त्यांची संमती होती' हे वाक्य खोडले.

"वारस म्हणून सही करते. पण ते हो म्हणाले असते, हे मी कसं लिहून देऊ? अहो, भाजीची पिशवी बदलली तरी चार प्रश्न विचारायचे!"

वकिलांना तेवढी सही पुरली. कंपनी उत्तम चालते आहे. मी मात्र अधूनमधून तो जुना प्रस्ताव उघडतो आणि त्यांच्या वतीने हरकती लिहून पाहतो. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. तरी त्या हरकती मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. आजवर अकरा झाल्या. एकीलाही मला धड उत्तर देता आलेले नाही.