आर्डिस काही विचारत नसे

आर्डिस क्वामेला बोलकी म्हणणारा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. उभी हयात तिनं शाळेची बस चालवली. त्या बसमधली पोरं आता स्वतः आईबाप झालीत, आणि "खाली बस" याखेरीज तिचा दुसरा शब्द त्यांना आठवत नाही. ती निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा मिलफर्ड गेला, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून तिनं आमच्या क्लिनिकसाठी गाडी चालवायला घेतली. मी तिथे दर्शनी टेबलावर फोन घेते, म्हणून तिची सगळी ये-जा मला ठाऊक.

नदीच्या या बाजूला मिनेसोटा राज्य, पलीकडे डकोटा. पलीकडे एखाद्या बाईला गर्भ नको असेल तर तिला आता तिथल्या कायद्यानं कुठलंच दार उघडं नाही, मग ती इकडे येते. जिच्याकडे गाडी नाही, किंवा गाडी आहे पण घरात कळता कामा नये, तिला आणायला आर्डिस जायची. हिमवादळ असलं तरी जायची, फक्त अर्धा तास आधी निघायची. आमच्या चालकांना एकच नियम आहे: काही विचारायचं नाही. नाव नाही, कारण नाही, कुणाचं ते तर नाहीच नाही. बाकीच्यांच्या जिभेला खाज सुटते. आर्डिस हा नियम बहुधा जन्मापासून पाळत होती.

एक वाक्य मात्र ती गाडी दाराशी लागली की प्रत्येकीला ऐकवायची. "आत चाललीच आहेस, तर छातीही तपासून घे. त्याच टेबलावर होतं." काही जणी रडता रडता हसायच्या. एकीची गाठ आमच्या नर्सला, लोर्नाला, अशीच वेळेत सापडली. मी आर्डिसला मुद्दाम बाहेर जाऊन ते सांगितलं, तर ती "बरं झालं" म्हणाली आणि काचेवरचा बर्फ खरवडत राहिली.

क्लिनिकच्या फाटकासमोर गर्भपाताविरुद्ध फलक घेऊन उभे राहणारे तिला काय काय म्हणायचे. त्याचं तिला फारसं वाटत नसे, बहुतेक बाहेरगावचे लोक. तिला लागलं ते आमच्या चर्चमधलं. आम्ही लुथरन पंथाचे, तोंडावर कुणी कुणाला बोलत नाही; नुसता आवाज चढला तरी माणसं छताकडे बघायला लागतात. मयतानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात असतं आणि आदल्या दिवशी बायकांना फोन जातात, तू ओव्हनमधली हॉटडिश कर, तू केक आण, तू काकडीचं लोणचं. आर्डिसला हे फोन यायचे बंद झाले. कुणी काही म्हणालं नाही, भांडण नाही, काही नाही. रविवारी तिच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, एवढंच. मला विचाराल तर फाटकावरचे परवडले.

ते फोन करायचं काम नॉर्मा ट्वेटकडे होतं. नॉर्मा आर्डिसची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण. आर्डिसला मूल झालं नाही, पण नॉर्माची तिन्ही पोरं तिच्या स्वयंपाकघरात खाऊनपिऊन मोठी झाली.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी आर्डिसनं आणलेल्या मुलीनं तिचं ते वाक्य ऐकलं आणि उलट विचारलं, "तुम्ही घेतली का तपासून?"

"हो तर," आर्डिस म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मुलीला आत सोडून ती माझ्या टेबलापाशी आली आणि टोपीसुद्धा न काढता उभी राहिली.

"लोर्नाला वेळ असेल तर बघ. नसेल तर राहू दे."

"का गं, काय झालं?"

"काही नाही. गाडीचा पट्टा लागतो इथे."

पट्टा नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून लागत होता. सगळा हिवाळा तिनं तसाच काढला होता. लोर्नानं गाठ हाताला लागताच तिला फैलावर घेतलं, ते मला दाराबाहेर ऐकू आलं. "अख्ख्या डकोटाला शहाणपण शिकवतेस, आणि स्वतः कधी तपासलंस?"

"मी कुणासाठी तपासायचं?" आर्डिसनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात, हवापाण्याचं बोलावं तसं बोलली.

लोर्ना म्हणाली, "स्वतःसाठी, गाढवे."

कॅन्सरच निघाला. लहान होता, काढता येण्याजोगा. हॉस्पिटलनं सांगितलं, सकाळी ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी, पण न्यायला आणि रात्रभर सोबत राहायला कुणीतरी हवं, नाहीतर ऑपरेशन होणार नाही. मी विचारलं, कोण येतंय? "नॉर्मा," आर्डिस म्हणाली. मला इतका आनंद झाला. म्हटलं, चला, आजारपणानं का होईना, दोघींचा अबोला तर सुटला. मीही एक भोळी.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलचा फोन थेट माझ्या टेबलावर आला. बाई आल्यात, सोबतचं माणूस आलेलं नाही, पुढची तारीख द्यावी लागेल. मी लोर्नाला फोनवर बसवलं आणि कोट चढवत धावले.

आर्डिस हॉस्पिटलच्या झग्यात पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर पर्स, पायात अजून बाहेरचे बूट.

"नॉर्मा कुठाय?"

"तिला जमलं नाही, जॅनिस."

"तू विचारलंस तिला?"

ती पर्सची चेन उघडझाप करत राहिली. मग सांगितलं. रविवारी ती नॉर्माच्या दाराशी गेली होती. नॉर्मानं विचारलं, कॉफी घेशील? ही म्हणाली, नको, त्रास नको. नॉर्मा म्हणाली, केलेलीच आहे. ही म्हणाली, नको, तू कामात असशील. आमच्याकडे पहिल्या दोन नकारांना काही अर्थ नसतो. घरच्या बाईनं तिसऱ्यांदा विचारायचं असतं, मग पाहुणीनं "बरं, अर्धा कप" म्हणून आत जायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तर ते बोलावणं खरं नव्हतं. नॉर्मा म्हणाली, "बरं तर. जपून जा, पायऱ्या निसरड्या आहेत." आणि दार लावलं, अगदी हळू.

"मी एक हातमोजा काढला होता गं," आर्डिस म्हणाली.

मला दोघींचा संताप आला. "अगं, दारातच सांगायचं ना! मला कॅन्सर झालाय, माझ्याबरोबर चल म्हणून!"

"असं दारात कसं सांगायचं?"

"थांब, मी जाते नॉर्माकडे. बघतेच तिला."

"नको. तिला वाटलं असेल, मी क्लिनिकचं काहीतरी घेऊन आले." ती नॉर्माचीच बाजू घेत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि ती माझ्यासमोर कागदी रुमालांचा डबा सरकवत होती.

तेवढ्यात नर्स आत आली. सोबत कोण आहे, आहे की नाही, आता ठरवावं लागेल म्हणाली. मी तोंड उघडणार, तर आर्डिसनं माझं मनगट धरलं.

"थांब, मला बोलू दे," ती म्हणाली. नर्सनं घड्याळाकडे बघितलं. आर्डिस आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "आज रात्री माझ्याकडे राहशील? मला एकटीला भीती वाटते."

मी पहिल्याच वेळी हो म्हटलं.