तिसरं बटण

आमच्या शिवणाच्या दुकानात काकूंचं राज्य. पस्तीस वर्षं मशीन चालवून त्यांची कंबर वाकली, जीभ मात्र तशीच धारदार. गिऱ्हाईक महिन्याने कपडे न्यायला आलं की म्हणणार, "या, आता हे नातीला द्या!" आम्ही पाच जणी त्यांच्या हाताखाली.

माप घेताना मात्र काकू गप्प व्हायच्या. पडद्याआड दंडावरचे काळेनिळे डाग त्यांना टेपेच्या आकड्यांआधी दिसायचे. मग त्या बाईच्या कानात सांगायच्या, "असह्य झालं तर कुर्त्याचं तिसरं बटण तोडून पाठव. कुणाच्याही हातानं. आम्ही सगळ्या येऊ." त्यांची धाकटी बहीण सासरी मार खाऊन मेली होती. शेजाऱ्यांनी ऐकलं सगळं, दार एकानेही ठोकलं नाही.

त्या दिवशी काकू दोरे आणायला गेल्या होत्या. औषधवाला स्वतः बायकोचा कुर्ता घेऊन आला. गोड बोलणारा माणूस. "एवढं बटण लावून देता का, ताई?" मी मेलीने रंग जुळवून, चार वेढे जास्त घेऊन, दोन मिनिटांत लावून दिलं. हाताची सवय, दुसरं काय!

तासाभराने काकू आल्यावर मी फुशारकीने सांगितलं. त्यांनी विचारलं, "कितवं बटण?"

"तिसरं," म्हणतानाच मला कळलं. तिने जिवावर उदार होऊन त्याच्याच हाती निरोप धाडला आणि मी तो टाचून परत पाठवला! काकूंनी हातातले दोरे तिथेच टाकले. मशीनं तशीच टाकून आम्ही सहा जणी भर दुपारी पळत सुटलो. ती जिवंत असू दे, एवढंच मी घोकत होते.

औषधवाल्याच्या घराची बेल वाजवली. आत शांत. पुन्हा वाजवली. दार वीतभर उघडलं. "तिला बरं नाही, झोपलीय."

"झोपू दे," म्हणत काकूंनी उंबऱ्यात पाय रोवला. "माप राहिलंय. आम्ही थांबतो."

"हा काय तमाशा लावलाय?" तो ओरडला. समोरच्या मास्तरीणबाई बाहेर आल्या, वरचे आजोबा जिना उतरून उभे राहिले. कुणी हललं नाही. शेवटी तोच दारातून बाजूला झाला.

ती भिंत धरून आली. ओठ सुजलेला, अंगात तोच कुर्ता. काकूंनी तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर घेतलं.

"मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली, "म्हणून परत तोडलं."

तिने मूठ उघडली. मी ते बटण इतकं पक्कं लावलं होतं की त्याच्यासोबत कापडाचा तुकडाही फाटून आला होता.