जेसिंताबाय आणि माझ्या सुशीलाचं पाणी

आमच्या तोंडवलीत नर्स म्हटलं की एकच, जेसिंताबाय. ठेंगणी, गळ्यात क्रुसाचा खुरीस, आणि तोंड असं की भलेभले दवाखान्यात गप्प बसायचे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस राज्य हिचंच. "आधी आंगाक हात लावचो, मगे औषद," म्हणायची. खोकला घेऊन गेलं तरी डोक्यापासून टाचेपर्यंत चाचपायची.

एकोणसाठ साली माझी सुशीला सात वर्षांची होती. नवरा लवू होडीवर, मी घरी मासे खारवून बाजारात विकायची. पोरगी एकाएकी घागरीनं पाणी प्यायला लागली. मी म्हटलं, दिवसभर मिठात हात घालते, सुकं चघळते, तहान लागणारच. सुकं बंद केलं. तहान तशीच. रोज अंथरूण भिजायला लागलं तशी शेजारणी म्हणाल्या, पाणीच तोड तिचं. आणि मी शहाणी, ऐकलं त्यांचं! एका सकाळी रांजणावर झाकण घालून वर पाटा ठेवला. दुपारी बघते तर पोर गुरांच्या डोणीवर ओणवी. तिथंच तिला फटकावलं. आज तो हात तोडून टाकावासा वाटतो. जरा वेळानं ती अंगणातच कोसळली.

उचलून दवाखान्यात नेली. जेसिंताबायनं आधी तिला तांब्याभर पाणी पाजलं, मग लघवी तपासली. साखर नव्हती. मला म्हणाली, "माका सांग, ती पिता म्हणान मुतता, की मुतता म्हणान पिता?"

मला काही कळेना. खालमानेनं पाटा ठेवल्याचं सांगितलं. सकाळपासून थेंब दिला नव्हता, तरी दुपारपर्यंत सात वेळा परसात गेली होती.

बायनं तांब्या खाली ठेवला. आता शिव्या खायच्या म्हणून मी उभी. "गाढवपणा केलंस गो," ती म्हणाली, "पण माका होया ता तुझ्या गाढवपणान सांगल्यान. पाणी बंद केला तरी लघवी थांबना नाय. म्हणजे आंगात पाणी रवणाच नाय."

मग तिनं सुशीलाच्या केसांतून बोटं फिरवली. कानामागे थांबली. माझं बोट धरून तिथं टेकवलं. हाड नव्हतंच, पैशाएवढा मऊ खड्डा. रोज तेल लावणारी मी, मला कधी लागला नव्हता. उजवा डोळा जरासा पुढे आलेला. त्याची मी दृष्ट काढून मोकळी झाले होते.

"हाडात खड्डो, डोळो भायर, आनि ही तान. तीन रोग नाय गो, एकच. नाव माका ठावक नाय, पण मूळ मेंदूकडे आसा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मुंबईच्या इस्पितळासाठी बायनं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि खाली मुकाट सही केली. मे संपत आला होता, पावसाळ्यामुळे मुंबईच्या बोटी आठ दिवसांत बंद होणार होत्या. बाय आम्हा तिघांना पोचवायला मालवणच्या धक्क्यापर्यंत आली. लवूच्या हातात भरलेली कळशी देत म्हणाली, "वाटेत तिका पाणी तोडलास तर गाठ माझ्याशी आसा."

मुंबईच्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. कवटीला चार ठिकाणी भोकं. एका भोकातला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तेव्हा रोगाला नाव मिळालं: हिस्टिओसायटोसिस. मला अजून धड म्हणता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, शरीरातली घाण खाणाऱ्या पेशीच बेसुमार वाढून हाड खातात, आणि मेंदूच्या तळाशी पाणी राखणारी जी जागा असते तिथंही शिरतात. पाणी तोडून आणखी एक दिवस काढला असता तर पोर हाती लागली नसती, हेही त्यांनी सांगितलं. मी तिथंच पदरात तोंड घालून रडले.

"ही चिठ्ठी कुठल्या डॉक्टरांची?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर नाय," लवू म्हणाला, "आमची जेसिंताबाय."

किरणांच्या उपचारांनी भोकं हळूहळू भरली. पाणी राखायला एक पूड मिळाली, नाकात ओढायची. सुशीला ती आजोबांच्या तपकिरीसारखी ओढते आणि वर मुद्दाम शिंकण्याचं नाटक करून मला चिडवते. आता सतराची आहे. पूड जन्मभर लागणार, लागू दे.

आमच्या रांजणावर तेव्हापासून नुसतं फडकं बांधलेलं असतं. पाटा मी विहिरीत टाकला.