घारने निवडलेली वेज

गोल्फच्या मैदानावर सगळे त्याला घार म्हणत. चेंडू कुठल्याही झुडपात शिरो, बाकीचे कॅडी गवत तुडवत बसायचे आणि हा सरळ चालत जाऊन उचलून आणायचा. नाव पडलं तेव्हा ते खरं होतं. माझी त्याची ओळख होईपर्यंत ते खोटं झालं होतं, पण हे फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

मी त्या मैदानावरच्या कामगारांची संघटना चालवते. गोल्फबद्दल माझं मत विचारू नका, छापता येणार नाही. कॅडी म्हणजे दुसऱ्याच्या स्टिकांची बॅग खांद्यावर वाहणारा, चेंडू शोधणारा, कुठल्या फटक्याला कुठली स्टिक ते सांगणारा माणूस. उन्हातान्हात राबतो, पण क्लबच्या लेखी तो कामगार नाही. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, सभासदाने बोट केलं तर आत, नाहीतर घरी. घारला मात्र रोज बोट व्हायचं. सिमेंटचे मोठे व्यापारी असलेले एक शेठ त्याच्याशिवाय खेळतच नसत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, नस सुकत चाललीय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांवर टिकवू. कडेचं दिसणं आधी गेलं, मग समोरचंही धुरकट झालं. तरी गडी हुशार. फटक्याच्या आवाजावरून चेंडू किती लांब गेला ते ओळखायचा आणि कुठे पडला ते शेठच्याच तोंडून काढून घ्यायचा. "साहेब, डावीकडे वाटतोय का तुम्हाला?" शेठ म्हणायचे, "छे, त्या झाडाखाली!" की हा झाडाखाली. स्टिकांवरचे आकडे वाचता येईनात तेव्हा अंगठा कामाला लावला. बॅगेत हात घालायचा, स्टिकचा तळ चाचपायचा, काढून द्यायची. खूण म्हणून दोरा बांधायची सोय नव्हती. शेठ स्टिका दागिन्यांसारख्या जपत.

त्या मोसमात शेठच्या छोट्या फटक्यांनी त्यांचं नाक कापलं होतं. भोकाजवळ पोचायचे आणि तिथेच डाव घालवायचे. अशा वेळी लागते ती वेज, तोंड आकाशाकडे वळवलेली स्टिक. चेंडू उंच उडवते आणि अलगद टाकते. शेठकडे छप्पन्न अंश कललेल्या तोंडाची जुनी होती, हातात बसलेली. तिला जोड म्हणून साठची हवी होती. ते घारला घेऊन दुकानात गेले.

"जमीन कशी आहे तुमच्याकडची?" दुकानदाराने विचारलं.

शेठनी घारकडे बघितलं. "दगड," घार म्हणाला.

"मग पातळ तळाचीच घ्या. रुंद तळ कडक जमिनीवर आपटून उडतो, धार चेंडूच्या पोटात बसते. वर जायच्या ऐवजी चेंडू गोळीसारखा सरळ सुटतो."

घारने दोन्ही वेज हातांत घेऊन त्यांच्या तळांवर अंगठा फिरवला. पातळवाली शेठच्या जुन्या छप्पन्नसारखीच लागत होती, फरक शून्य. रुंदवाली कशातच मिसळली नसती.

"साहेब, तुमचा घात वाळूच्या खड्ड्यात होतो," तो म्हणाला. "रुंद तळ वाळूत रुतत नाही. ही घ्या."

हे खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं पचायला सोपं जातं.

"याचं ऐका हो," शेठ दुकानदाराला म्हणाले. "याचे डोळे म्हणजे दुर्बीण."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "आता चुकणार नाही."

"शेठना चालेल का ती?"

"शेठना काय कळतंय."

"तुम्हाला कळतंय ना?"

तो थेंब घालून डोळे मिटून पडून राहिला.

वाळूत ती वेज खरंच चालली. कडक जमिनीवर अधूनमधून दगा द्यायची, पण शेठ स्वतःच्या मनगटाला दोष द्यायचे आणि घार गप्प बसायचा.

त्या दिवशी चेंडू एका झाडाखाली उघड्या, टणक मातीवर होता. मध्ये वाळूचा खड्डा, पलीकडे भोकाचा झेंडा. खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर घारची मेहुणी उकिडवी बसून तण काढत होती. बायकोची ही धाकटी बहीण. कामाला त्यानेच लावलेली. गवत काढणाऱ्या बायकांना क्लबने हिरवे कपडे दिले होते, सभासदांच्या नजरेला खुपू नयेत म्हणून. कुणाच्या डोक्यातून ही अक्कल निघाली ते मला एकदा बघायचंय.

"समोर?" शेठनी विचारलं.

"मोकळं," घार म्हणाला आणि तीच रुंद तळाची वेज काढून दिली.

उंच जाणाऱ्या चेंडूचा आवाज मऊ असतो. हा टणकन वाजला. अशा वेळी कॅडीने ओरडायचं असतं. पण चेंडू कुठे निघालाय, कुणाच्या दिशेने तोंड करायचं, हेच त्याला कळलं नाही. मग पलीकडून कुणीतरी किंचाळलं.

मेहुणी वाचली. कानामागचं हाड तडकलं, तो कान कायमचा गेला आणि तोल गेला तो गेलाच. भिंत धरल्याशिवाय चालता येईना.

क्लबच्या व्यवस्थापकाने चौकशीआधीच निकाल ठरवला होता: खेळ चालू असताना बाई न बघता पुढे आली. म्हणजे दोष तिचा, उपचार तिचे. मी घारला दाराशीच पढवलं, "हिरवे कपडे, डोक्याला टोपी नाही, राखण करायला माणूस नाही. एवढंच बोलायचं. दुसरं काही नाही." त्याने मान हलवली.

आत व्यवस्थापकाने विचारलं, "बाई एकदम पुढे आली ना? तू बघितलंस?"

"नाही."

"म्हणजे आली नाही?"

"म्हणजे बघितलंच नाही. मला दिसत नाही, साहेब. न बघताच मोकळं म्हणालो."

मी त्याचा दंड चिमटला. तो थांबेना. "आणि ती वेजही मीच घ्यायला लावली. अंगठ्याला वेगळी लागावी म्हणून."

इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या शेठनी मान वर केली. "म्हणजे माझा खेळ बिघडला तो तुझ्यामुळे?"

"शेठ, तिचा कान गेलाय!" मी ओरडले.

"ते वेगळं, बाई. हा विश्वासाचा प्रश्न आहे."

व्यवस्थापकाचा चेहरा उजळला. "मग मिटलंच की. चूक कॅडीची. आणि कॅडी काही आमचा नोकर नाही."

बाहेर मी घारवर तोंडसुख घेतलं. "हरिश्चंद्र व्हायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तिच्यावर खोटा आळ येत होता, ताई."

"आता तुझ्यावर खरा आला. तिच्या हातात काय पडलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटकावर उभंही राहू दिलं नाही. कॅडी हा कामगार आहे की नाही, यावर मी अजून भांडतेय. निकाल लागेल तेव्हा लागेल. क्लबवाले मी थकण्याची वाट बघतायत, आणि मी थकत नाही.

मध्यंतरी त्याच्या घरी गेले होते. मेहुणी आता तिथेच राहते. बोलता बोलता ती म्हणाली, "दाजी, मला तरी सांगायचं होतंत. मी रोज ओरडले असते, मी इथे आहे म्हणून."

"सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. काम गेलं असतं."

"मग आता राहिलं का?"

बायको स्वयंपाकघरातून, "पुरे गं," एवढंच म्हणाली.

मेहुणी उठली. भिंतीपर्यंत पोचायच्या आतच तिचा तोल गेला आणि तिने आधारासाठी हात पुढे केला. घार हाताच्या अंतरावर बसला होता. त्याने आवाजाकडे मान वळवली, दोन्ही हात हवेत चाचपडले, पण तोवर ती जमिनीवर पडली होती.